चाकांवरचे छज्जे

अल्लीपूरच्या रूपालीला गाडी चालवायला कुणी शिकवलं असं नाही. वांग्यांचे क्रेट भरलेला टेम्पो ती कॉलेजात असल्यापासून हिंगणघाटच्या बाजारात न्यायची, आणि ट्रॅक्टरवर तर त्याच्याही आधीपासून बसायची. पण तिचा जीव अडकला होता गोठ्याशेजारच्या टिनाच्या शेडमधल्या लाल गाडीत. दोन सीटची, बिनटपाची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी अशी ती जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार. तिच्या वडिलांनी, अण्णाजींनी, ती नागपुरातल्या एका खाण इंजिनिअरच्या बंगल्यामागून आणली होती. साहेब देश सोडून चालले होते, गाडीच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या, आणि भाजी उतरवून रिकामा झालेला ट्रक अण्णाजींजवळ होताच. "घेऊन जा," साहेब म्हणाले, आणि अण्णाजी घेऊन आले.

पुढे इंजिन रूपालीनं जागं केलं आणि पत्रा तिच्या धाकट्या भावानं, आदेशनं. ती गाडीच्या पोटात हात घालायची, तो अंगावरून हात फिरवायचा. गंजून पिचलेले मडगार्ड त्यानं हातोडीनं ठोकून असे गोल केले होते की त्यांवरून घसरणारा हात कुठं अडत नसे.

दिवाळी झाली आणि नागपूरजवळच्या एका माळावर मातीवरची शर्यत जाहीर झाली. आखलेल्या वळणावळणाच्या वाटेनं एकेक गाडी सोडायची, कमी वेळ लागेल तो पुढं. जुन्या गाड्यांचा गट वेगळा. रूपालीनं नाव दिलं, मातीत पकड राहावी म्हणून रुंद टायर चढवले, आणि मग नियम वाचला. चाक अंगाबाहेर दिसता कामा नये. तिची चारही चाकं मडगार्डाबाहेर चांगली तळहातभर डोकावत होती.

म्हणजे मडगार्डांना फ्लेअर, चाक झाकणाऱ्या बाहेर आलेल्या कडा, लावणं आलं. अण्णाजींनी त्यांना छज्जे म्हणायला सुरुवात केली आणि घरात तेच नाव पडलं. बनवणारा शोधावा लागला नाही. हिंगणघाटचा कवडू फायबरचे कूलर बनवायचा, आणि उन्हाळा सरल्यावर त्याचे हात मोकळेच असत. मडगार्डांची मापं घेऊन त्यानं चार छज्जे थापून दिले. रंग मात्र कूलरचाच, आकाशी.

आता ते लावायचे कसे, यावरून घरात जुंपली.

"वेल्डिंग करून टाका," अण्णाजी म्हणाले. "अंगाचंच होऊन जाते."

"बाबा, फायबर हाये ते. वेल्डिंग कसं होईन?"

"मग पत्र्याचे काऊन नाई केले?"

"पातळ पत्र्याले आच लागली की पापडासारखा वाकडा होते," आदेश म्हणाला. "मी चिकटवतो. ट्रकची काच ज्या काळ्या गमनं बसवतात, तोच लावतो. मडगार्डाले एकबी छिद्र पाडायचं नाई."

"अन् मातीचे हादरे?" रूपालीनं विचारलं. "बोल्ट लागतीन. मधात रबराची पट्टी अन् लोखंडी बोल्ट. हलणार नाई."

"ताई, तो पत्रा मी ठोकला हाये. तुह्या ड्रिलखाली मी नाई देणार."

"इंजिन मी बांधलं. मी म्हटलं का कधी, की पेट्रोल नको टाकू?"

अण्णाजी हसले, आदेश हसला नाही. शेवटी रूपालीनंच तोड काढली. डावी बाजू तिची, उजवी आदेशची. ती बोल्ट लावेल, तो चिकटवेल, आणि वडनेरच्या बाजूच्या पांदण रस्त्यानं गाडी पळवून पाहायची. जे टिकेल ते चारही चाकांना. आपलंच टिकणार याविषयी तिच्या मनात शंका नव्हती. डाव्या मडगार्डाच्या दर्शनी पत्र्यात ड्रिल शिरलं तेव्हा आदेश शेडबाहेर जाऊन उभा राहिला.

गम पुरता सुकू दिला आणि एका सकाळी दोघं निघाली. रूपाली उजवीकडे स्टेअरिंगवर, आदेश डावीकडे. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली. बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांत गाडी नाचू लागली तशी रूपालीला मजा वाटू लागली. रुंद टायर माती धरत होते, आणि वळणावर मागची बाजू सरकली तरी सांगितल्यासारखी परत येत होती. मात्र उजवीकडून फडफड ऐकू येऊ लागली होती. गमवर बसवलेला छज्जा मागच्या टोकाला सुटून हलत होता.

"तुह्यं गेलं," ती ओरडली.

"टोकच तं सुटलं!"

तेवढ्यात समोरून कापसानं लादलेला ट्रॅक्टर आला. वाट द्यायला रूपालीनं गाडी डावीकडे घेतली. गवतात धुऱ्याचा, शेताच्या हद्दीचा, दगड होता, तो तिला दिसला नाही. आदेशच्या बाजूनं कर्रर्र असा आवाज झाला आणि गाडी थांबली.

दगडाला अडकलेला डावा छज्जा शाबूत होता. बोल्टही शाबूत होते. पण त्यांनी धरून ठेवलेला मडगार्डाचा पत्रा छिद्रांपाशी फाटून डब्याच्या झाकणासारखा वर आला होता. आदेश उकिडवा बसला, फाटलेली कड अंगठ्यानं हलकेच खाली दाबून पाहू लागला. ते पाहून रूपालीला लागलं.

"चुकलं माह्यं," ती म्हणाली. "छिद्र वरून पाडायले नव्हतं पाहिजे."

"मग चिकटवायचं?"

"तुह्यं बी सुटलंच नं."

परत येताना आदेश सारखा वाकून फाटलेला पत्रा पाहत होता. पण रूपालीचं डोकं चालू होतं. बोल्ट कमजोर पडला असता तर तिनं जाड बोल्ट घेतला असता. इथं तर तो जास्तच मजबूत निघाला होता. अशी गोष्ट तिनं शेतात कुठं पाहिली होती? रोटाव्हेटर! त्याच्या शाफ्टला मुद्दाम एक नरम बोल्ट असतो. पात्याखाली दगड आला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. असे बोल्ट तिनं स्वतः किती बदलले होते.

शेडमध्ये गाडी लावली न लावली तोच ती बोलायला लागली. "आदेश, आपण दोघंबी छज्जा टिकवाले पाहून राह्यलो. टिकवायचा मडगार्ड हाये. छज्जा तं कवडू दुसरा देईन. नायलॉनचे बोल्ट लावू, नंबर प्लेटले असतात तसले. धक्का बसला की तेच तुटतीन."

आदेशनं मान वर केली. "अन् छिद्रं?"

"वरून नाई. चाकाच्या आतून पत्र्याची कड दुमडली हाये नं, त्या दुमडीत."

तो गाडीखाली सरपटला आणि आतली कड चाचपून पाहू लागला. बराच वेळ त्याचे पायच तेवढे दिसत होते.

"इथं चालते," आतून आवाज आला. "पण ड्रिल मी मारीन."

फाटलेला पत्रा त्यानं ठोकून, सांधून, घासून पुन्हा गोल केला. ते झाल्यावर छज्जे बसवले आणि लाल रंगवले. रूपालीनं एकाकडे बोट दाखवलं. "मार लाथ."

"काऊन?"

"मार तं खरी."

आदेशनं लाथ घातली. टकटक करत बोल्ट तुटले आणि छज्जा मातीत पडला. मडगार्डावर ओरखडासुद्धा नव्हता. अण्णाजी खाटेवरून उठून आले, पडलेल्या छज्ज्याला त्यांनी उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "हे असंच पडणार हाये का?"

"ठोकर लागली तरच, बाबा."

"मग बेस हाये."

शर्यतीच्या सकाळी तपासणीसानं चारही चाकं वाकून पाहिली आणि एक छज्जा हातानं ओढला. तो जागचा हलला नाही. "कशानं लावलेत?"

"नायलॉनच्या बोल्टांनी. जोरात धडक बसली तर सुटतात, बॉडी फाटत नाही."

"मागच्या गाडीला लागले तर?"

"मागं गाडी असतेच कुठं? एकेकच सोडता ना तुम्ही."

तपासणीस हसला आणि त्यानं काचेवर पासची चिठ्ठी लावली.

झेंडा पडला आणि रूपाली सुटली. समोर पिवळी माती, कडेला रचलेले जुने टायर, आणि कानात फक्त तिनं बांधलेलं इंजिन. पहिली दोन वळणं तिनं जपून घेतली, तिसऱ्याला जपणं सोडलं. टायरांच्या ढिगाला पुढचा कोपरा घासला, काहीतरी तुटल्याचा आवाज आला, आणि आरशात लाल छज्जा धुळीत गरगरताना दिसला. तिचा पाय पेडलवरून उठला नाही. शेवटच्या सरळ वाटेवर तर तिनं उगाचच आरडाओरडा केला. ऐकायला कुणी नव्हतं तरी.

आदेश धावत आला तो थेट पुढच्या चाकाशी बसला. मडगार्डावरून हात फिरवला. हात कुठं अडला नाही. मग तो उठला, हेल्मेटकडे बघत राहिला.

"ताई, एक फेरी मी घेऊ?"

इतक्या वर्षांत त्यानं ही गाडी गावच्या रस्त्यावरसुद्धा दुसऱ्या गिअरच्या वर नेली नव्हती. पत्र्याला काही होईल, म्हणून. एका गाडीवर दोघांना नाव देता येत होतं; रूपालीनं त्याचं नाव लिहवलं आणि हेल्मेट त्याच्या हातात दिलं. धुळीतून उचलून आणलेला छज्जा तिनं नवे बोल्ट लावून बसवेपर्यंत तो सीटवर जाऊन बसलाही होता.

अण्णाजी आणि रूपाली दोरीपाशी उभे राहिले. लाल गाडी पहिल्याच वळणाला अशी तिरकी गेली की अण्णाजींनी लेकीचा दंड धरला.

"हा आपलाच आदेश हाये ना?"

"तोच हाये," रूपाली म्हणाली, आणि हातांचा कर्णा करून ओरडली, "ब्रेक नको मारू रे! सोड, सोड!"

संध्याकाळी फलकावर रूपाली गटात दुसरी होती आणि आदेश बराच खाली. वर्ध्यापर्यंत दोघं तिसऱ्या वळणावरून भांडत राहिली, आणि पाठीमागून टेम्पोत येणाऱ्या अण्णाजींना पुढच्या गाडीत सारखे हलणारे चार हात दिसत होते.