पिशवीतून चर्चला जाणारी इस्त्री

मी एक जुनी इस्त्री आहे. मित्रांनो, इस्त्रीने चर्चमध्ये जायचे काही कारण नाही, हे मलाही कळते. तरी मी कितीतरी वर्षे दर रविवारी गेले, आणि आज ते सांगताना विजेशिवाय माझा तळ तापतो.

कारखान्यातून मी दुकानाच्या काचेत आले आणि तिथून एका बाईच्या दोन खोल्यांच्या घरात. ती लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून देई. सगळी गल्ली तिला मावशी म्हणे. नवरा गेल्यावर तिने याच कामावर लेकीला वाढवले, शिकवले, तिचे लग्न करून दिले. मावशीच्या घडीला कोणी नाव ठेवत नसे. गिऱ्हाईक घडीचे कौतुक करी आणि मी उगाच फुगून बसे.

एकदा मात्र घात झाला. एका नवरीचा पांढरा झगा टेबलावर होता. दारावर थाप पडली, मावशी उठून गेली आणि बोलण्यात रमली. जळका वास आला तेव्हा झग्याच्या कमरेवर माझ्या आकाराचा डाग पडला होता. नवरीच्या आईने वरून लेस लावून वेळ मारून नेली, वाकडा शब्द बोलली नाही. पण मावशीच्या मनाने घेतले ते घेतलेच. तेव्हापासून ती घराबाहेर पडली की अर्ध्या वाटेवरून परत येई. माझा प्लग बघे, पुन्हा जाई, पुन्हा येई. उपासना निम्मी चुके.

शेवटी तिने युक्ती काढली. मला कापडी पिशवीत घालून बरोबरच नेऊ लागली. इस्त्री मांडीवर आहे म्हणजे ती घरात चालू राहिलेली नाही, हा तिचा हिशेब. लोकांना वाटे, पिशवीत मोठे बायबल आहे. मला तर गर्वच चढला. मावशीचे माझ्यावाचून पान हलत नाही, असे मी समजून चालले.

मग लेकीला मुलगी झाली. नातीला घ्यायला मावशीचा जीव तुटे, पण बाहेर कुठे भेट झाली की तिच्या एका हातात मी असेच. लेक बाळाला पुढे करून पुन्हा मागे घेई आणि म्हणे, "आई, बाळाला दोन हात लागतात."

तरी बाप्तिस्म्याच्या दिवशी बाळाला पाळकांच्या हाती आजीनेच द्यायचे ठरले. बाळाचा झगा मावशीने माझ्याकडूनच इस्त्री करून घेतला. पाळकांनी बोलावले तेव्हा ती पिशवी खांद्याला लावूनच उठली. ती बाकावर ठेव, असे लेकीने हळूच सुचवले. मावशीने मान डोलावली, पण पिशवी सोडली नाही. बाळाला घ्यायला वाकली आणि पट्टा घसरला. बाळाच्या डोक्याजवळून मी धाडकन फरशीवर आदळले.

बाळ किंचाळले. मागे कोणीतरी फिसकन हसले. लेकीने बाळाला छातीशी घट्ट धरले आणि आईपासून एक पाऊल मागे सरकली. ते पाऊल मावशीने पाहिले. धरणीने पोटात घ्यावे असे तिला झाले, आणि मलाही. बाळाला मग जावयाने पुढे नेले.

चर्च रिकामे झाले तरी मावशी बसून होती. पाळक शेजारी येऊन बसले. मावशीने त्यांना जळक्या झग्यापासूनचे सगळे सांगितले.

"दर रविवारी तुम्ही सांगता, काळजी प्रभूवर टाका," मावशी म्हणाली. "मी आमेन म्हणते आणि मांडीवर ही घेऊन बसते. लाज वाटते हो मला."

पाळकांनी विचारले, "झगा जळाला त्या दिवशी घर वाचलं. त्याचे आभार मानलेत कधी?"

तिने कधीच मानले नव्हते.

"मग आता प्लग काढलात की तिथेच थांबून आभार माना आणि निघा. काळजीत आपला हात काय करतो ते आपल्याला कळत नाही, मावशी. आभार मानताना कळतं."

पुढच्या रविवारी मावशीने प्लग काढला. माझ्या मुठीवर हात ठेवून म्हणाली, "प्रभू येशू, हिच्यावर तू माझं घर चालवलंस, तुझे उपकार. आता घर तूच सांभाळ." मग कुलूप लागले. चपला जिन्यापर्यंत गेल्या आणि थांबल्या. खरे सांगू? ती परत यावी असे मला वाटत होते. झाल्या प्रकारानंतरही वाटत होते, याची मला सर्वांत जास्त लाज वाटते. बऱ्याच वेळाने चपला जिना उतरून गेल्या.

दुपारी कुलूप लेकीने उघडले, कारण मावशीचे दोन्ही हात गुंतले होते. त्यांत नात झोपली होती. मावशीने माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही.

मित्रांनो, काम झाले की माझा प्लग काढा, वायर नीट गुंडाळा, मला गार होऊ द्या. एकदाच बघा, देवाचे आभार माना आणि निघा. मला मात्र बरोबर नेऊ नका. मी फार जड आहे, आणि तिकडे कोणीतरी तुमच्या दोन्ही हातांची वाट पाहत असेल.