लेथवरचं संत्रं

मित्रांनो, मी एक म्हातारा लेथ आहे, धातू कातून घडवणारं यंत्र. जपानमधल्या ओसाका शहराच्या एका अरुंद गल्लीत इसोगाईंचा कारखाना आहे, तिथे मी राहतो. कारखाना आपला म्हणायचा. मी आणि तीन माणसं आत असलो की पाय ठेवायला जागा उरत नाही.

इसोगाईंच्या वडिलांनी मला नवाकोरा आणला. तेव्हापासून मी एकच वस्तू करत आलो, शिलाई मशीनचा दांडा. माझ्या हातचा दांडा कधी परत आला नाही. दर वर्षअखेरीला मला घासूनपुसून माझ्यापुढे तांदळाच्या गोळ्यांचा नैवेद्य मांडतात, वर एक संत्रं. पुढच्या वर्षी जे यंत्र राबणार, त्याचा तो मान.

मग दिवस पालटले. गिऱ्हाईक आज दांडा मागे, उद्या भलतंच काही, तेही मूठभर. नव्या कामासाठी मला जुळवण्यातच अर्धा दिवस जाई. बाजारात आलेलं हरकामी यंत्र तेच काम चुटकीसरशी करी. ते घ्यावं की नाही, यावरून घरात धुसफूस सुरू झाली.

"बाबा, विचार तरी किती करणार? गिऱ्हाइकं थांबणार आहेत का?" इसोगाईंची मुलगी चिगुसा म्हणाली. तीही इथेच काम करते.

"अगं, हा अजून ठणठणीत आहे. आणि कर्ज काढून नवं आणलं नि कामच आलं नाही तर? राहतं घर विकावं लागेल."

"मग मी दुसरीकडे नोकरी धरते. तुम्ही नि हा लेथ, दोघं म्हातारे बसा इथे तेल चोळत!"

इसोगाई हसले नाहीत. त्या दिवशी त्यांनी मला बराच वेळ पुसलं. मला फार वाईट वाटलं. त्यांनी मला इतकं जपलं होतं की मी बंदच पडत नव्हतो, आणि म्हणून त्यांचा निर्णय होत नव्हता.

वर्ष सरत आलं. एका सकाळी मला सरकवून भिंतीला लावलं आणि माझी जागा घासून धुतली. इसोगाईंनी नैवेद्य आणला आणि त्या रिकाम्या जमिनीवर ठेवला. माझ्यापुढे काहीच नव्हतं. चिगुसा पुढे आली. मग तिने वरचं संत्रं उचलून माझ्या माथ्यावर ठेवलं.

"अगं, मांडलेला नैवेद्य मोडतेस काय?" तिची आई कळवळली.

"राहू दे," इसोगाई म्हणाले. "आजवर त्यानेच पोसलंय आपल्याला."

मित्रांनो, यंत्रांना जरूर जपा, वेळच्या वेळी तेलपाणी करा. पण आम्हाला जपता जपता आमच्यापाशी राबणारी माणसं गमावू नका. नववर्षाची सुट्टी संपली की चिगुसा इथेच कामावर येणार आहे. मला तेवढं पुरे.