काळ्या तिळाचे डोळे

"हे कायच्या कामाचं वं, जमीलाबाई?"

रंभानं खोक्यातला ससा उचलून उजेडात धरला. ससा म्हणजे पांढऱ्या प्लास्टिकचा साचा. दोन कान, गोल पोट, आतून पोकळ. सावली गावच्या बाजारात जमीलाचं बांगड्यांचं आणि प्लास्टिकच्या सामानाचं दुकान होतं. बाजाराच्या दिवशी तिथं दोन घटका टेकल्याशिवाय रंभा गावाकडे परतत नसे.

"जपानी लोकं पोट्ट्याईचा डबा सजवतात ना, त्याचं सामान हाये," जमीला म्हणाली. "आमच्या अरीबानं मोबाइलवर पाह्यलं आन माह्या मागं लागली, मंगवा मंगवा. तीन वर्स झाले, एका गिऱ्हाइकानं हात नाई लावला."

अरीबा म्हणजे जमीलाची कॉलेजात जाणारी मुलगी. ती लगबगीनं उठून आली आणि तिनं खोकं उपडं केलं. ससा, अस्वल. भाजीचा रस्सा भाताला लागू नये म्हणून रबरी वाट्या. गाजराची फुलं कापायचं पातं. सॉस भरायची माशाच्या आकाराची बोटभर बाटली, ती पाहून तळ्याकाठची रंभा खुदकन हसली. आणि टाचणीएवढ्या काड्या, टोकाला रंगीत मणी.

"नवीन शिकनाऱ्याले एवढंच पुरते, काकू. भात गरम असतानाच दाबाचा. थंडा झाला का फुटते. काही जागेवर राह्यलं नाई तर काडी टोचाची."

"अन् डोळे?"

"ते लोकं समुद्रातल्या शेवाळाचा काळा कागद लावतात. इथी कुठी भेटते तो? तुम्ही काळे तीळ लावा."

अरीबाच्या लेखी तीळ म्हणजे तीळ. आणि रंभाच्या डोक्यात त्या घडीला रुपालीशिवाय दुसरं काही नव्हतं.

"ने बाई," जमीलानं खोकं तिच्या पिशवीत कोंबलं. "धूळ खाऊन राह्यलं. तुह्या पोट्ट्याईच्या कामी येईन."

रंभाला स्वतःचं मूल नव्हतं. लग्नाच्या चौथ्या वर्षी नवऱ्याचा डोंगा गावच्या तलावात उलटला आणि दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत वर आलं. तेव्हापासून ती एकटी. बावीस वर्षांपूर्वी अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली, आणि मग गावात पंचविशीच्या आतला असा कोणी उरला नाही ज्याच्या तोंडात तिनं घास घातला नव्हता. नाकाला शेंबूड, कमरेला करगोटा आणि गालात खिचडीचा तोबरा धरून बसणारा धनराज तिला अजून आठवे. आता तो मिशा राखून तलावात जाळी टाकत होता, आणि चार वर्षांची रुपाली ही त्याचीच पोर.

रुपाली खात नसे. वजनाच्या तक्त्यावर तिचा ठिपका लाल पट्ट्यात जाऊन बसला होता. उपकेंद्राची निशात सिस्टर म्हणाली होती, वजन वाढलं नाही तर चौदा दिवस दवाखान्यात ठेवावं लागेल. पण भाताचा रोवणा ऐन भरात आलेला. रुपालीची माय चिखलातून पाय काढणार कशी?

पहिल्या दिवशी सशाचा एक कान साच्यातच राहिला. दुसऱ्या दिवशी मोहरीचे डोळे लावले, ते गडगडले. तिसऱ्या दिवशी जमलं. काळ्या तिळाचे दोन डोळे, बिटाच्या पाण्याचं लाल तोंड, आणि सारखा मागं पडणारा कान जागेवर राहावा म्हणून डोक्यात लाल मण्याची एक काडी.

"हा कोन?" रुपालीनं विचारलं.

"ससा. तुही वाट पाहून राह्यला."

"त्याले भूक लागली?"

"त्याले नाई. तो म्हनते, रुपाली, मले खाय."

पोरीनं आधी कान खाल्ला. मग पोट. रंभा पदराआडून पाहत राहिली. बावीस वर्षांत तिनं ढीगभर खिचडी शिजवली असेल, पण एवढा आनंद तिला कधी झाला नव्हता.

महिनाभरात रुपाली चारशे ग्रॅमनं वाढली. वजनकाट्यावरून तिला उतरवत निशात सिस्टर म्हणाली, "रंभाबाई, तुम्ही तर जादूच केली!" दारात दोन आया उभ्या होत्या. सगळ्या हसल्या. पण बोललेलं ऐकलं गेलं.

मग ऑगस्टातल्या एका दुपारी रुपालीनं हट्ट धरला. ससा घरी न्यायचा, मायला दाखवायचा. रंभानं तो छोट्या डब्यात ठेवून तिच्या हातात दिला. माय रोवण्याहून दमून आली, पोर वाट पाहता पाहता झोपली, डबा फळीवर तसाच राहिला. पहाटे रुपालीचं अंग तव्यासारखं तापलं. दुसरा दिवस तापातच गेला. तिसऱ्या दिवशी फळीवरून आंबूस वास आला, म्हणून मायनं डबा उघडला.

आत भाताचं तोंड होतं. एक कान गळून पडलेला. लाल पाणी ओठांवरून हनुवटीपर्यंत ओघळलेलं. काळ्या तिळाचे डोळे टक्क उघडे. आणि डोक्यात टोचलेली टाचणी.

भात आणि काळे तीळ गावात कधी एकत्र येतात ते लहान पोरालाही ठाऊक असतं. मेलेल्यांच्या पिंडात, नाहीतर वेशीवर टाकलेल्या उताऱ्यात. रंभाला का नाही सुचलं? तिला हातातलं काम दिसत होतं आणि खाणारं तोंड दिसत होतं. करायला गेली गणपती आणि झाला मारुती.

मायनं किंचाळून डबा फेकला, आणि धनराजनं मनसारामला बोलावलं.

मनसाराम गावचा पुजारी. लोकांच्या अंगातलं काढणारा. स्वतःच्या बीपीची गोळी मात्र तो न चुकता घेई. त्यानं भात काडीनं उलटापालटा केला आणि एवढंच म्हणाला, "भात हाये, तीळ हायेत, टाचनी हाये. आनखी काय पायजे?"

त्यानंतर गाव मोठ्यानं बोलेनासं झालं. सकाळी रंभा हातपंपावर गेली तर बायका गप्प झाल्या. तिची बादली भरून झाल्यावर कोणीतरी पंपाचा दांडा राखेनं घासून धुतला. त्या दिवशी अंगणवाडीत बाविसांपैकी नऊ मुलं आली. दुसऱ्या दिवशी चार. त्यांच्याही आया थोड्या वेळानं आल्या आणि मुलांना वाढल्या ताटावरून उठवून घेऊन गेल्या. रंभानं ती चार ताटं पुन्हा पातेल्यात रिकामी केली. दोन सालांमागं नदीकाठच्या एका गावात करणीच्या अशाच संशयावरून एका बाईला खांबाला बांधलं होतं, आणि ते बांधणारे तिच्या ओळखीपाळखीचेच होते. रंभाला ते सगळं आठवत होतं.

दुपारी निशात सिस्टर आली ती भिजलेली आणि संतापलेली.

"मी त्यांच्या दारात जाऊन आली, रंभाबाई. आत नाई घेत. म्हनते, घरात देव बसवला हाये. खिडकीतून पाह्यलं मी पोट्टीले. डोळे फिरवून राह्यली. मलेरिया डोक्यात चढला असन तं रात नाई काढनार ती. ॲम्बुलन्स बोलावली, तलावाच्या बांधावर, पारीवर उभी हाये. पन पोट्टी देतच नाई ते."

"काऊन नाई देत?"

सिस्टरनं मान खाली घातली. "म्हनते, जिनं केलं ती येऊन काढनार. तोवर पोट्टी घराबाहेर नेली का मरते, असं सांगतलं मनसारामनं." मग ती घाईनं म्हणाली, "कायदा हाये, बाई. मी आत्ता पोलिसाले फोन लावतो. तुम्ही दार लावून बसा."

"पोलीस कवा येते?"

"तासभर. रस्त्यात पानी असन तं दीड."

"अन् पोट्टी?"

रंभानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, त्यावर पाणी मारलं, हात पुसले. मग सशाचा साचा पदराखाली घेतला आणि ती निघाली.

धनराजच्या अंगणात तीस-चाळीस माणसं होती. तिला येताना पाहून लोक बाजूला झाले, आणि ती आत शिरल्यावर मागून वाट पुन्हा बंद झाली. ओसरीवर धनराज उभा होता, हातात डोंगा हाकायचा बांबू. डोळे लाल. आतून पोरीच्या कण्हण्याचा आवाज येत होता, मध्येच थांबत होता. तो थांबला की सगळं अंगण श्वास धरून उभं राही.

रस्ताभर रंभानं बोलायचं ठरवून ठेवलं होतं. जपान सांगायचं, जमीलाचं दुकान सांगायचं, कान पडतो म्हणून काडी टोचली ते सांगायचं. सगळं खरंच होतं. पण त्या चेहऱ्यांकडे पाहिल्यावर तिला कळलं, की हे खरं पटवायला दिवस लागतील. आत पोरीकडे तेवढा वेळ नव्हता. आणि आणखी एक गोष्ट कळली. तिनं केलं नाही असं ती म्हणेल, तर ही माणसं करणाऱ्याची वाट पाहत बसतील. केलं म्हणाली, तर तिचं ऐकतील.

"बोल, रंभाबाई," धनराजचा आवाज फुटला. "तूच केलं ना?"

"व्हय," रंभा म्हणाली. "मीच केलं."

मागं कोणीतरी शिवी हासडली. एक दगड तिच्या खांद्याला लागून खाली पडला. बांबू वर गेला. रंभा हलली नाही.

"मारजो मंग. आधी ऐक. केलं मी, तं काढनार बी मीच. पन घरात उतरत नाई ते. वाहत्या पान्यापलीकडं न्याव लागते, दिवस बुडाच्या आत. वैनगंगेच्या पार. तिथी डागदरच्या दारात पोट्टी ठेवली, का मी सोडतो तिले."

"अन् नाई सोडलं तं?"

"मी तुह्यासंगच हावो. कुठी पळतो?"

सगळ्यांनी मनसारामकडे पाहिलं. असा काही नियम नाही हे गावात फक्त त्यालाच पक्कं ठाऊक होतं. आत पोरीचा आवाज पुन्हा थांबला. त्यालाही नातवंडं होती, आणि ही पोर आपल्या हातात जाईल ही भीती सकाळपासून त्याच्याही मानगुटीवर बसली होती.

"असते," तो घसा खाकरून म्हणाला. "असं असते. न्या."

ॲम्बुलन्समध्ये सिस्टरनं पोरीला सलाईन लावलं. पायाशी रंभा, समोर धनराज, दारापाशी पोरीची माय. पुलावर गाडी आली तेव्हा खाली वैनगंगा दुथडी भरून चालली होती.

"उतरव आता," धनराज म्हणाला.

रंभानं खिडकीची काच सरकवली आणि पदराखालचा पांढरा ससा बाहेर सोडून दिला. धनराजनं नदीला हात जोडले. निशात सिस्टर पोरीची नाडी धरून होती. तिनं तोंड फिरवून घेतलं.

रुपाली वाचली. मलेरियाच होता, मेंदूपर्यंत पोचत आलेला. आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. गावानं त्यातलं सोयीचं तेवढं घेतलं. मलेरिया होता हे कोणाच्या लक्षात राहिलं नाही. रंभानं केलं होतं आणि रंभानंच काढलं, हे मात्र कोणी विसरलं नाही. निशात सिस्टर घरोघर समजावून थकली. पोलीस येऊन गेले, दोन्ही बाजूंनी काही तक्रार नाही असं लिहून घेऊन गेले. अंगणवाडीत रांधायला दुसरी बाई आली. रंभाला झाडलोट उरली, तीही मुलं यायच्या आधी. तिच्या ओळीतल्या प्रत्येक दाराला नवा बिब्बा टांगला गेला. आणि एक दिवस वरच्या आळीतली एक सून मागच्या दारानं येऊन कुजबुजली, "बाई, माह्या सासूले काही करता येईन का?" त्या दिवशी रंभा पोटभर रडली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी रुपाली कुंपणापाशी आली. गाल भरले होते. हातात रिकामा डबा.

"रंभाबाई, ससा?"

रंभानं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एकमेकांत घट्ट धरले. कोणी म्हणायला नको, शिवली म्हणून.

"ससा नदीपार गेला, बाई. तू घरी जाय. तिथी जेव."

पोर गेली. जाताना दोनदा मागं वळून पाहिलं.

आठ दिवसांनी, सकाळचं झाडून होत आलं होतं तेव्हा रंभाच्या कानावर आलं, की गावातल्या पत्रूच्या पोराला रात्रीपासून ताप आहे. सणकून ताप. मनसारामला बोलावणं गेलंय.

रंभानं झाडू कोपऱ्यात ठेवला. घरी आली. आधी निशात सिस्टरला फोन लावला आणि म्हणाली, "गाडी पारीवर आनून ठेव, बाई." मग तोंड धुतलं, धुतलेलं लुगडं नेसली, केस विंचरून घट्ट अंबाडा बांधला. फडताळातून अस्वलाचा साचा काढून पदराला बांधला. आता तेवढाच उरला होता.

तलावाच्या पारीवरून माणसं येताना दिसली. पुढं पत्रू होता. त्याच्याही तोंडात पहिला घास तिनंच घातला होता.

ती पायात चपला घालून उंबऱ्यावर बसून राहिली.