दोन दिवसाची उसनी लेक

बसा बाप्पा, असे उभे काहून? त्या पोत्यावर बसा, सरकी हाय त्याच्यात, टोचत नाही. तुमाले तुळसाबाईची गोष्ट सांगतो. आधी हासाल, मंग हासू थांबन, तवा मले दोष देऊ नोका.

बाभुळगावच्या अलीकडचं गाव. तिथल्या बौद्ध वस्तीतली तुळसाबाई, डोमाजीची बायको. दोन पोरी तिले. मोठी नलू, अन् धाकटी सत्यशीला. धम्म घेतल्यावर वस्तीत जलमलेली पयली पोरगी, म्हणून नाव असं कोरं करकरीत. धाकटी पाचेक वर्साची असन, तवाची गोष्ट.

सदाशिवरावच्या वावरात कापूस वेचता वेचता बायायचं ठरलं का नागपूर पाहाचं. तुमी म्हणसान, पाह्यलं नोतं काय? दरसाल दसऱ्याले दीक्षाभूमीवर जातच होत्या. पण कशा? डोक्यावर गठुडं, काखेत लेकरू, पुढं नवरा हाका मारून राह्यला. तुळसाबाई म्हणे, "मले इचारसान तं नागपूर म्हणजे लोकायच्या पाठी. दुसरं कायी दिसलंच नाही."

"तं मंग बिनगर्दीचं जाऊ," सोनाबाई म्हणे. हे तिची शेजारीण, जिभेची तिखट. "अन् बिननवऱ्याचं."

साऱ्या हासल्या, पण गोष्ट पक्की झाली. तूर सवंगून झाली का जाचं. माय अन् लेक, एवढंच. नवरा नाही, पोरगा नाही, सासू नाही. शनवारी शाळा सकाळची, ते सुटली का निंघाचं, ऐतवार सारा फिराचं, सोमवारी वापस. बाभुळगावून मोटरनं धामणगाव, तिथून रेल.

डोमाजीनं घरी इचारलं, "अन् माया भाकरी?"

"हात हायत ना तुमाले. ज्या हातानं खाता त्याच हातानं थापा."

डोमाजी चिलीम शोधत बाहीर गेला.

आता नागपुरात रस्ता कोणाले ठावा? एकाच बाईले. पुंजाबाई, वस्तीतल्या नागोरावची बहीण. नवऱ्यासंगं नागपूरच्या इंदोऱ्यात राहे, बिड्या वळे. दोन पोरी झालत्या तिले. दोघी एकाच साली देवीच्या साथीत गेल्या. मंग नवऱ्यानं दुसरी केली, अन् हे भावाच्या घरी येऊन राह्यली. कमी बोलणारी बाई. पण नागपूरचं निंघालं का तिचं तोंड खुले.

सांजच्याले तुळसाबाईच्या अंगणात साऱ्या जमत, अन् पुंजाबाई कोळशानं भुईवर रेघा वढे. हे टेशन. हे बर्डी, मोठा बजार, इथं काचेच्या आत लुगडे टांगलेले रायतेत, घ्याचं कायी नाही, नुसतं पाहाचं. हा महाराजबाग. "वाघ आधी दाखवू नोका पोरीयले, मंग माकडाकडं कोणी पाहात नाही." झोपाले तिच्या जुन्या शेजारणीची खोली.

नलू इचारे, "वाघ ऐतवारी बी रायते का व, पुंजाआत्या?"

"त्याले कुठं सुट्टी माय. त्याची शाळा बारमाही."

असं चालू होतं. तं एक दिवस सोनाबाई बोलून गेली, "मजा हाय. जाणं मायलेकीचं, अन् रस्ता दाखवणारीले लेकच नाही."

पुंजाबाईनं कोळसा खाली ठेवला, हात पदराले पुसले. म्हणे, "बरोबर हाय तुहं. मंग एक पोरगी उसनी द्या मले. दोन दिवसाची. मीठ-पीठ देता तशी."

तुळसाबाईनं इचार बी नाही केला. "सत्यशीला तुही. निंघाल्यापासून घरी येतोवरी. खाणं, पिणं, न्हाणं, सारं तूच पाहाचं. मी इचारणार बी नाही."

तुमाले सांगतो, त्या दिवसापासून ते बाई दुसरीच झाली. जुन्या निळ्या लुगड्याचा फ्रॉक शिवला हातानं, बारीक बारीक टाके. पोरीच्या केसाले लावाले खोबरेलाची बाटली आणली. पोरगी तिले पुंजामाय म्हणाले लागली. तुळसाबाईले बी बरं वाटे. आपल्या घरी दोन हायत, एकीनं कोणाचं भलं होते तं काय वाईट?

निंघाच्या आदल्या दिवशी विहिरीवर सोनाबाई भेटली. बादली वढता वढता म्हणे, "पोरगी पुंजाच्या हाती देऊन राह्यली म्हणे. बरं. तुही पोरगी, तुही मर्जी."

"काहून?"

"कायी नाही व. तिच्या हातून दोन गेल्या, एवढं आपलं मनात आलं."

"हे सारं सोडलं ना आपण?"

"सोडलं तं. मी कुठं काय म्हणलं?"

सोडलंच होतं. छप्पन साली वस्तीनं देव, ताईत, गंडे, बिब्बे सारे एका गाठोड्यात बांधले, अन् ते गाठोडं बेंबळा नदीत सोडाले कमरेइतक्या पाण्यात हेच तुळसाबाई उतरलती. पण त्या दिवशी घरी आली, अन् सत्यशीलेले एक शिंक आली. एकच. अन् बाईचा जीव खालीवर झाला. टाचेच्या भेगेले लावाले घरात बिब्बे होते. त्यातला एक तिनं काळ्या दोऱ्यात ओवला अन् पोरीच्या कमरेले बांधला, नजर लागू नये म्हणून पयले बांधत तसा. म्हणे, "कोणाले दाखवू नोको."

शनवारी बाभुळगावच्या मोटरस्टँडवर साऱ्या जमल्या. पोरीयचे तेल लावलेले केस, शिदोऱ्या, हासणं. पुंजाबाई सत्यशीलेले मांडीवर घेऊन बसलती. पोरगी सारखी कंबर खाजवे.

"काहून खाजवून राह्यली व?"

पोरीनं फ्रॉक दोन्ही हातानं दाबून धरला. बिब्ब्याचं तेल अंगाले लागलं का उततेच. पुंजाबाईनं निळा फ्रॉक वर केला.

तुळसाबाई समोरच उभी होती. तिनं पाह्यलं का पुंजाबाईनं बिब्बा पाह्यला. पुंजाबाईनं गठुड्यातून खोबरेलाची बाटली काढली, लाल झाल्या जागी बोटानं तेल लावलं, फ्रॉक सारखा केला. मंग उठली अन् पोरगी तुळसाबाईच्या काखेत दिली.

"मायी कंबर धरली," म्हणे. "मोटरीत बसणं होत नाही मले."

मंग नलूले जवळ बोलावलं. टेशनातून कुठं निंघाचं, कोणाले इचाराचं, शेजारणीचं दार कोणतं, सारं पुन्ना सांगितलं. नलूनं मान डोलवली. पुंजाबाई गावाकडं पायी चालाले लागली.

तुळसाबाईनं हाक माराले पाह्यजे होती. 'पुंजा' म्हणाले कितीसा वेळ लागते? पण घंटी वाजली, सोनाबाईनं हात धरून वर वढलं, अन् हाक नरड्यातच राह्यली. ते अजून तिथंच हाय.

नागपूर पाह्यलं त्यायनं. नलूनं बरोबर नेलं. लुगडे पाह्यले, माकडं पाह्यले, वाघ झोपेल होता. सत्यशीला पिंजऱ्याकडं पाहेच ना. येणाऱ्या-जाणाऱ्या बायायचे तोंडं पाहे. तुळसाबाई तिले उचलाले गेली तं मांगं सरली. म्हणे, "दोन दिवस मी तुही नाही ना."

सोमवारी तुळसाबाई डोक्यावरचं गठुडं न उतरवता नागोरावच्या दारात गेली. नागोराव म्हणे, "पुंजा कालच गेली नागपूरले. बिड्या वळाले जातो म्हणे. काहून, ते नाही सांगितलं."

कोणालेच नाही सांगितलं तिनं. शिव्या दिल्या असत्या, वस्तीत बोभाटा केला असता, तं तुळसाबाईले सोपं गेलं असतं. आता दरसाल दसऱ्याले ते इंदोऱ्याच्या त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाते, अन् वापस येते. पुढं पाय उचलतच नाही. तिकडं सत्यशीला सातवीत गेली.

तं बाप्पा, तुमचं नागपूरले जाणं होतेच. इंदोऱ्यात बिडीवाली पुंजाबाई कोणती, ते इचारा. तिले सांगा का तुळसाबाई म्हणते, माया हातून चुकलं, अन् पोरगी कोणत्या शनवारी धाडू ते सांग. ते पयले 'नाही' म्हणन. तुमी लगेच उठू नोका. घोटभर पाणी मांगा, थोडं बसा, अन् पुन्ना एकदा इचारा.