घंटेपाशी बसतो

लेकीच्या शाळेने वंशवृक्ष मागितला आणि लिनेटने तो मनावर घेतला, इथेच सगळं बिनसलं. रोशेल म्हणत होती, "मम्मा, जस्ट राईट फार्मर, नोबडी चेक्स!" पण लिनेट कसली ऐकते! अमिरातीतल्या अल ऐनच्या एका हॉस्पिटलात ती इन्शुरन्स डेस्कवर बसायची. फॉर्ममधला एक रकाना रिकामा राहिला तरी तिला अन्न गोड लागत नसे.

वसईहून चुलतभाऊ रॉयस्टनने चर्चमधल्या जुन्या वह्यांचे फोटो पाठवले होते. तिथले पाद्रीबाबा दर दहा वर्षांनी गावाची गणती करायचे. नाव, वय, धंदा. पणजोबा, वय बत्तीस, "ताडावर चढतो". हे समजलं, घराणं ताडी काढणाऱ्यांचंच. दहा वर्षांनी तोच माणूस, "मडकी धुतो". आणखी दहा वर्षांनी, "घंटेपाशी बसतो. पीत नाही."

आता हा कुठला धंदा? घंटा वाजवणारा म्हणावं, तर त्याच पानावर भलत्याच माणसापुढे "घंटा वाजवतो" असं स्वच्छ लिहिलेलं. मग हा नुसताच बसतो? आणि पीत नाही, हे काय धंद्याच्या रकान्यात लिहायचं असतं?

घरात याची गोष्ट कधीचीच तयार होती. "आपल्या पुरुषांना चाळिशीत देव आठवतो," पप्पा छाती फुगवून सांगायचे. "ताडी सोडतात नि देवळाची सेवा धरतात." पप्पा स्वतः छत्तिसाव्या वर्षी काविळीने गेले, त्यामुळे त्यांचा देव आठवायचा राहूनच गेला.

शनिवारी सकाळी लिनेटने तिघांची पानं शेजारी शेजारी लावली. पणजोबा, त्यांचा भाऊ, आजोबा. तिघांचं तेच. तिशीत ताड, चाळिशीत मडकी, पन्नाशीत घंटा. आणि तिघांपुढेही "पीत नाही".

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि पडायला नको होता. पीत नाही असं पाद्रीबाबा मुद्दाम लिहितात, म्हणजे गाव म्हणत असणार, हा पितो. का म्हणत असणार? झोकांड्या खात चालत होता म्हणून! कसली भक्ती नि कसली सेवा! चाळिशीत ताडावर चढवेना, पन्नाशीत उभं राहवेना, म्हणून पाद्रीबाबांनी दया येऊन सावलीत बसवलेली माणसं ही. चाल अडखळते, तोल जातो, घरात आधी कुणाला होतं का? रक्तातून उतरणाऱ्या आजारांच्या असल्या फाइली लिनेट रोज पुढे सरकवत होती.

ज्युड!

ज्युड तिचा धाकटा भाऊ. फेब्रुवारीत चाळीस पुरी झाली. रास अल खैमाच्या सिमेंट कारखान्यात सिलोची, म्हणजे सिमेंटच्या उंच टाक्यांची, तपासणी करायचा. उभी लोखंडी शिडी, रोज वर, रोज खाली. मार्चमध्ये प्रमोशन मिळाल्याचं त्याने कळवलं होतं, काम बदलल्याचं नाही. गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर कपाळाला टेंगूळ दिसलं तर म्हणाला, बाथरूम ओलं होतं.

तिने फोन लावला. उचलला नाही. परत लावला, परत लावला. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात तसं झालं. शिडीवरून पडलेला ज्युड तिला चार वेगवेगळ्या तऱ्हांनी दिसून गेला. रोशेलला शेजारच्या नौशीनकडे सोडून तिने गाडी काढली. दोन तासांच्या वर रस्ता. तोंडाने रोझरी चालू होती, पण किती 'नमो मरिया' झाल्या याचा पत्ता नव्हता.

दार ज्युडनेच उघडलं; बायको कॅथरीन पोरांना घेऊन बाजारात गेली होती. लिनेटने त्याला मिठी मारली, मग पाठीत धपाटा घातला. "मेल्या, फोन का नाही उचलत?"

"चार्जिंगला होता, बाय. झालं काय?"

तिने फोनवरची पानं त्याच्यापुढे धरली आणि सगळं सांगितलं. "सोमवारपासून वर चढायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ."

"चढतोय कोण?" ज्युड म्हणाला. "मार्चपासून स्टोअरमध्ये आहे. खाली."

"ते प्रमोशन..."

"प्रमोशन कसलं! दोनदा शिडीवरून पाय सुटला. साहेबाला सांगितलं कंबर दुखते, नि हातापाया पडून बदली मागितली. कॅथरीनला अजून ठाऊक नाही. डॉक्टरने काही लिहिलं तर नोकरी खलास. नोकरी गेली की व्हिसा खलास. बायको-पोरांना घेऊन जाऊ कुठे?"

ज्याला वाचवायला ती धावत आली होती, तो चार महिने एकटाच भीत बसला होता. लिनेटला भडभडून आलं.

"किती घाबरला असशील रे."

"रोज, बाय. सकाळी उठलो की आधी पाय टेकवून बघतो."

सोमवारी तू अल ऐनला यायचं, तिने सांगून टाकलं. डॉक्टरशी मी बोलते, व्हिसाचं मग बघू. ज्युडने मान हलवली. मग त्याने तिचा फोन हातात घेतला आणि पान मोठं केलं.

"यात बायांपुढे काय लिहिलंय?"

लिनेटने ते पाहिलंच नव्हतं. पणजीपुढे आडवी रेघ. आजोबांच्या बहिणीपुढे बत्तिशीत रेघ, बेचाळिशीत रेघ, बावन्नाव्या वर्षीही रेघ. पाद्रीबाबांच्या लेखी बायांना धंदाच नव्हता. मग चाळिशीत त्यांच्या हातून काय सुटलं, हे लिहिणार कोण?

"तू बेचाळीसची ना?" ज्युडने हळूच विचारलं.

मला काय धाड भरलीय, असं म्हणायला लिनेटने तोंड उघडलं. पण नाताळात करंज्यांच्या कडा तिला मुरडता येईनात, चष्म्याचा नंबर वाढला म्हणून तिने ते काम कॅथरीनवर ढकललं होतं. चहाचा भरला ट्रे हल्ली रोशेलच उचलायची. पोरीला वळण लागावं म्हणून, असं ती सगळ्यांना सांगायची.

"सोमवारी दोन अपॉइंटमेंट घे," ज्युड म्हणाला.

तिने हो म्हटलं. आता उठून घरी निघायला हवं होतं, पण त्याच्यासमोर दारापर्यंत चालायची तिची छाती होईना.