एकही वाकडा शब्द नको

वकिलांच्या खोलीत तिला सगळे ‘मिरची’ म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. खरं सांगायचं तर आवडायचंही. ती उलटतपासणीला उभी राहिली की समोरच्या साक्षीदाराच्या घशाला कोरड पडे. “तोंड आहे की करवत?” असं तिचे वडील विचारायचे, पण त्यात तक्रारीपेक्षा कौतुकच जास्त असायचं.

अशा मिरचीकडे एका सकाळी एक बाई आल्या. पन्नाशी उलटलेल्या, केस घट्ट बांधलेले, हातात पांढरी काठी. जन्मापासून दिसत नव्हतं. पियानो सुरात लावून देणं हा त्यांचा धंदा. शाळा, सभागृहं, लोकांची घरं, जिथून बोलावणं येईल तिथे जायचं. त्यांच्याबरोबर एक म्हातारा, भुऱ्या रंगाचा कुत्रा होता. आत येताच तो धप्पकन खाली बसला आणि त्यानं असा सुस्कारा सोडला की जणू खटला त्याच्यावरच चालू आहे. आणि तो होताही त्याच्यावरच.

“हा साहेब,” बाई म्हणाल्या. “नावच साहेब. हा पुढे, मी मागे. मग साहेब कोण, तुम्हीच सांगा!”

हकिगत साधी होती. दृष्टिहीनांना वाटाड्या कुत्रे शिकवून फुकट देणारी एक संस्था होती. तिनं नऊ वर्षांपूर्वी साहेब बाईंना दिला, तेव्हा करार झाला. त्यातलं सातवं कलम असं, की कुत्रा कामातून निवृत्त झाला की संस्था त्याला परत घेऊ शकेल. आता साहेबाचे मागचे पाय थकले होते. संस्था म्हणत होती, नवा कुत्रा घ्या, हा आमच्या निवाऱ्यात सुखानं राहील. बाईंनी नकार दिला. पत्रं झाली, भेटी झाल्या, शेवटी संस्था कोर्टात गेली.

“काळजी सोडा, मावशी,” मिरची बाह्या सरसावत म्हणाली. “त्या संस्थेची सालटी काढते मी.”

“तेच नको आहे,” मावशी म्हणाल्या. “संस्थेबद्दल एकही वाकडा शब्द बोलायचा नाही. एवढी अट मान्य असेल तरच वकीलपत्र देते.”

“अहो, मग लढू कशानं? फुंकर घालून?”

“ते तुम्हाला कळतं. साहेब येण्याआधी माझा धाकटा भाऊ मला हाताला धरून कामाला न्यायचा. रोज. त्याचं स्वतःचं आयुष्य खोळंबलं होतं माझ्यापायी. साहेब आला आणि आम्ही दोघंही सुटलो. आज त्याला घर आहे, बायकामुलं आहेत. हे कुणी दिलं? खाल्ल्या घरचे वासे मोजायचे नसतात, वकीलबाई.”

मिरचीनं काम घेतलं. पण सवयीप्रमाणे माहिती काढायला लागलीच. आणि तिच्या हाती घबाड लागलं. आदल्या वर्षी संस्थेच्या निवाऱ्यात दोन म्हातारे कुत्रे तापानं गेले होते, डॉक्टरला बोलवायला उशीर झाला म्हणून. संस्थेनं ते लपवलं नव्हतं, पण गाजवलंही नव्हतं. असला मुद्दा मिळाला म्हणजे खटला खिशातच! मावशी त्या दिवशी एका शाळेत पियानो लावत होत्या; ती धावतच तिथे गेली.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. साहेबाच्या कानामागे त्या खाजवत राहिल्या.

“किती रडली असतील हो संस्थेतली माणसं,” त्या म्हणाल्या.

“मावशी, यावर आपण जिंकतोय!”

“आणि उद्या हे पेपरात आलं की संस्थेला देणगी कोण देईल? माझ्यासारखी कुणीतरी आज भावाचा हात धरून रांगेत उभी असेल. तिचा कुत्रा तुम्ही अडवाल, वकीलबाई. नको.”

मिरची घरी आली ती पाय आपटतच. वडिलांपुढे तिनं सगळी भडास काढली. हात बांधून पोहायला सांगतात, हे काय अशील आहे! वडील शांतपणे भांडी पुसत होते.

“वाकडं बोलू नकोस म्हणाल्या ना त्या? बोलूच नकोस असं थोडंच म्हणाल्या?”

“बाबा, वाकडं सोडून मला दुसरं येतं काय?”

“ते बघ आता. कधीतरी बघायलाच हवं होतं.”

तिला राग आला, पण झोपही लागेना. दुसऱ्या दिवशी तिनं करार पुन्हा काढला. आजवर तिनं प्रत्येक करार फटी शोधत वाचला होता, जिथे पहार घालता येईल अशा फटी. या वेळी ती नुसतीच वाचत गेली. कुत्र्याला दिवसातून किती विसावा द्यायचा. तापलेल्या रस्त्यावर चालवायचं नाही. दातांची तपासणी. आजारी असेल तर कामावर न्यायचं नाही, मग माणसाचं काम बुडलं तरी चालेल. वाचता वाचता तिचा रागच विरघळला. हे कागद कुणीतरी जीव लावून लिहिले होते.

सुनावणीच्या दिवशी मिरची बोलणार म्हणून मागचे बाक भरले होते. न्यायाधीशबाई मितभाषी होत्या. साहेबाला आत येऊ द्यायचं का, असं शिपायानं विचारलं, तर म्हणाल्या, “वाद त्याचाच आहे ना? येऊ दे.”

संस्थेचे वकील म्हातारे आणि सभ्य होते. त्यांनी मांडणीही चोख केली. कुत्रा आजही संस्थेच्या मालकीचा आहे. करार बाईंना दोनदा वाचून दाखवला होता, त्यांनी समजून सही केली. ‘घेऊ शकेल’ याचा अर्थ निर्णय संस्थेचा. शिवाय बाई एकट्या, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. उद्या नवा कुत्रा आल्यावर या म्हाताऱ्याकडे कोण बघणार? मिरचीला मनातल्या मनात कबूल करावं लागलं, की मुद्दा खोटा नव्हता.

मग संस्थेचे प्रशिक्षक साक्षीला आले. रुंद खांद्यांचा, साठीकडे झुकलेला माणूस. मिरची उठली तसे त्यांनी कठडा घट्ट धरला. त्यांचा आवाज ऐकून साहेबानं मान उचलली होती, आणि त्याची शेपटी फरशीवर थपथपत होती.

“साहेबाला तुम्ही शिकवलंत?”

“हो. पिल्लू होता तेव्हापासून.”

“या नऊ वर्षांत मावशींना साधा ओरखडा आला नाही. त्याबद्दल आधी त्यांच्या वतीनं तुमचे आभार मानते.”

प्रशिक्षक गोंधळले. मागच्या बाकांवर कुजबुज झाली. हिला आज झालंय काय?

“आता एवढंच सांगा, हे सातवं कलम करारात आलं कसं?”

त्यांनी कठड्यावरचा हात सैल केला. “पूर्वी नव्हतं ते. एका घरी आम्ही कुत्री दिली होती. काम थांबल्यावर त्यांनी तिला मागच्या अंगणात साखळीनं बांधून टाकलं. मी सहज भेटायला गेलो तेव्हा तिचा नुसता सापळा उरला होता. मला ओळखून उठायला गेली, उठता आलं नाही.” त्यांनी साहेबाकडे पाहिलं. “त्यानंतर मीच हट्ट धरला, की परत आणायचा हक्क आपल्याकडे पाहिजे.”

“म्हणजे कलम कुत्र्याच्या भल्यासाठी.”

“त्याच्यासाठीच. आणखी कुणासाठी?”

“साहेबाला तुम्ही अलीकडे घरी जाऊन पाहिलंत का?”

“गेल्या महिन्यात.” प्रशिक्षकांनी एकदा संस्थेच्या संचालकांकडे पाहिलं, मग न्यायाधीशांकडे. “तिसऱ्या मजल्याचं आमच्या वकीलसाहेबांनी सांगितलं, ते जुनं झालं. बाई तळमजल्यावरच्या खोलीत आल्यात, याला जिना चढवेना म्हणून. एकच खोली आहे. तिच्यात याची गादी आणि पियानो दोन्ही मावेनात, तर पियानो भावाकडे ठेवलाय.”

मिरचीनं वळून मावशींकडे पाहिलं. हे तिलाही माहीत नव्हतं. मावशी खाली मान घालून बसल्या होत्या, जणू चोरी पकडली गेली होती.

“आणि परत नेलंत तर?”

“आम्ही काही कमी करणार नाही, ताई. जीव लावू. पण तो दारात बसून राहील. मी ओळखतो ना त्याला.”

युक्तिवादाला मिरची उभी राहिली तेव्हा तिला स्वतःचाच आवाज नवखा वाटला. “संस्थेला हक्क नाही असं मी म्हणत नाही. हक्क आहे, आणि तो असायलाच हवा. पण करारानं दिलेला अधिकार ज्या कामासाठी दिला, त्याच कामासाठी वापरायचा असतो. हा करार मी पुन्हा पुन्हा वाचला. त्यातलं एकेक कलम कुत्र्यावर माया असलेल्या माणसांनी लिहिलंय. माझी विनंती एवढीच, की सातवं कलमही त्याच माणसांनी लिहिलंय, असं समजून ते वाचावं.”

आणि ती बसली. तिचा इतका छोटा युक्तिवाद कुणी ऐकला नव्हता.

निकाल जेवणाच्या सुट्टीनंतर आला. संस्थेचा हक्क कायम, पण तो कुत्र्याची आबाळ होत असेल तरच वापरता येईल. आज तशी आबाळ दिसत नाही. संस्थेच्या माणसानं अधूनमधून भेट द्यावी, बाईंनी दार उघडं ठेवावं. मावशींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी खाली वाकून साहेबाच्या मानेत तोंड लपवलं. साहेबाला निकालातलं काही कळलं नसावं, पण त्यानं हात चाटला.

बाहेर संचालक तिच्याजवळ आले. “त्या दोन कुत्र्यांचं तुम्हाला कळलं होतं, हे मला माहीत होतं,” ते हळूच म्हणाले. “तुम्ही आज ते काढणार, म्हणून काल माझ्या घशाखाली घास उतरला नाही. तुमचे उपकार झाले.”

“माझे नाहीत,” मिरची म्हणाली. “त्यांचे माना.”

संचालक मावशींकडे गेले. निकाल काहीही लागला असता तरी नवा कुत्रा ठरलेलाच आहे, त्या आल्या की शिकवणी सुरू करू, असं त्यांनी सांगितलं. मावशी म्हणाल्या, “खोलीत मावेल ना हो? पियानोची जागा आहे तशी रिकामी!” आणि दोघंही हसले. 

कोर्टाच्या पायऱ्या उतरणं साहेबाला जमेना. प्रशिक्षक पुढे झाले, पण एकट्यानं तो उचलेना. तेव्हा संस्थेच्या म्हाताऱ्या वकिलांनी आपली बॅग मिरचीच्या हातात दिली आणि मागची बाजू धरली. “मी हरलोय, आणि वर हमालीही मीच करतोय,” ते धापा टाकत म्हणाले. “साहेब वजनदार आहे हो तुमचा!”

मावशींनी मिरचीच्या कोपराला धरलं होतं. दोघी एकेक पायरी उतरत होत्या.

“थँक्यू, मावशी,” मिरची म्हणाली.

“अगं, मी म्हणायचं ते!”

“तुम्हीही म्हणा. पण माझं आधी ऐकून घ्या.”