लाल कुलंट

फायनलच्या आठवड्यात मी तांबडा रस्सा शिवत नाही. पांढऱ्यावर भागवतो. आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा रंग हिरवा, समोरच्यांचा लाल. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे ज्याला सांगावं लागतं त्याला सांगून उपयोगही नाही. बायको म्हणते, "तांबड्या रश्श्यानं तुमचं काय घोडं मारलंय?" तिला काय कळतंय! पंचवीस वर्षं गळ्यात हिरवा रुमाल बांधून मी घसा फोडलाय आणि बारा वर्षं कप तालमीत आलेला नाही.

त्या शनिवारी फायनल चारला होती. आमचा गोलकीपर आदर्श, माझ्या बहिणीचा मुलगा, नोकरीला गगनबावड्यात. त्याची सुट्टी दोनला. एसटीनं आला असता तर निम्मी मॅच संपल्यावर पोचला असता. दुसऱ्या गोलकीपरचा अंगठा गुरुवारी सरावात मोडलेला. म्हणून मी सगळ्या तालमीपुढं छाती ठोकून सांगितलं, "आदर्शला मी आणतो. ह्या उदयसिंहची गाडी हाय, विमान समजा."

ते विमान अकरा वाजता शाहूपुरीतच तापलं. काटा लाल रेघेला टेकला, बॉनेटमधून वाफ. समोर 'मोना ऑटो' असं स्पेअरपार्टचं दुकान दिसलं, तिथंच गाडी लावली आणि बॉनेट उघडून रेडिएटरच्या टोपणाला हात घातला.

"ओ पावणं! हात काढा!" दुकानातनं पंचविशीतली एक पोरगी ओरडत आली. "तापल्यालं टोपण उघडतासा व्हय? तोंड भाजंल की!"

मला कुणी ओरडलेलं खपत नाही. पण हात काढला. इंजिन गार होईपर्यंत मी दुकानापुढं येरझाऱ्या घातल्या आणि चौदा वेळा घड्याळ बघितलं. पोरीचं नाव मोनाच. तिच्या बापानं दुकानाला तिचं नाव दिलं होतं आणि आता दुकान तीच बघत होती. पाइपाची क्लिप ढिली झाली होती, ती तिनं आवळली. इंजिन गार ठेवणारं कुलंट बहुतेक गळून गेलं होतं; टाकीत तळाला चार बोटं उरलं होतं. ते लाल होतं.

लाल! दिवाळीत जुनी गाडी घेतली, तेव्हापासून हे पाप मी पोटात घेऊन फिरत होतो.

फळीवर हिरवा डबा दिसला. "त्यो दे," मी म्हणालो.

"गाडीचं पुस्तक कुठाय?"

"पुस्तक कशाला? कुलंट घालायचंय, परीक्षा न्हाय द्यायची."

तिनं स्वतःच डॅशबोर्डचा कप्पा उघडला. पुस्तक अजून प्लॅस्टिकमध्येच होतं. एका पानावर बोट ठेवून तिनं हिरव्या डब्याची मागची बाजू वाचली, मग लाल डब्याची. "तुमच्या गाडीला ह्यो लाल डबा लागतोय. पुस्तकात ल्हेलंय त्योच प्रकार ह्येच्यावर छापलाय. हिरव्यावर न्हाय."

"लाल माझ्या गाडीत जाणार न्हाय! आज फायनल हाय, पोरी. आदर्शला आणायला गगनबावड्याला निघालोय!"

तिनं माझ्या रुमालाकडं बघितलं. "आदर्श? गोलकीपर?"

"त्योच की."

दोन्ही डबे तिच्या हातात होते. मग तिनं हिरवा परत फळीवर ठेवला.

"काका, रंग कंपनीवालं आपल्या मनानं घालत्यात. रंगावरनं कायबी कळत न्हाय. डब्यामागचं वाचायचं. दोन प्रकार एकात मिसळलं तर आत चिखल व्हतोय, आन् साळवणच्या फुडं चढाला गाडी उकळली तर मग बसा रस्त्यात. तुमाला हिरवा रंग पायजे का गोलकीपर पायजे?"

मी तोंड फिरवलं. "घाल," म्हणालो. लाल धार टाकीत पडताना मी बघितलं नाही.

आणि गाडी काय पळाली! मार्चचं ऊन, साळवणच्या पुढचा चढ, आणि काटा मधोमध उभा, हलायला तयार नाही. दोनच्या ठोक्याला आदर्श बूट हातात घेऊन धावत आला. चारला दहा कमी असताना आम्ही स्टेडियमच्या दारात! पोरांनी मला खांद्यावर घेतलं. मी आनंदानं रडलो, सांगायला लाज नाही.

एक-एक बरोबरी, टायब्रेकर, आणि शेवटची किक त्यांच्या अमरसिंहची. ती गेली तर पुढं खेळ, अडली तर कप आमचा. आदर्शनं डावीकडं झेप घेतली आणि चेंडू पोटाशी धरला. बारा वर्षं! माझा आवाज तिथंच बसला.

बाहेर पडताना दारात अमरसिंह मान खाली घालून उभा होता. त्याचा हात धरून एक पोरगी उभी होती. गळ्यात लाल रुमाल, डोळे सुजलेले. मोना.

मी बसक्या आवाजात विचारलं, "ह्यो तुझा कोण?"

"भाऊ."

"आगं मग हिरवा डबा का न्हाय दिलास? मी मागतच हुतो की."

"दिला असता की," ती म्हणाली. "पर आदर्श रस्त्यात अडकला असता आन् दादानं रिकाम्या गोलात गोल मारला असता तर घरी त्येच्या तोंडाकडं कसं बघितलं असतं?" मग तिनं नाक पुसलं. "ते जाऊ दे. येताना काटा वर गेलता का?"

"न्हाय," मी म्हणालो.

"मग बरं झालं," म्हणून ती भावाला घेऊन निघाली. आमची पोरं कप घेऊन नाचत होती, मला हाका मारत होती. मी गळ्यातला हिरवा रुमाल काढून खिशात ठेवला आणि ती दोघं कोपऱ्यावरनं वळेपर्यंत तिथंच थांबलो.